पान कुठे संपते? माहितीच्या ओझ्यामागचा इतिहास

दिवसभर फोन हातात असतो, शेकडो गोष्टी डोळ्यांखालून जातात आणि रात्री नेमके काय वाचले ते आठवत नाही, ही तक्रार आज सगळीकडे ऐकू येते. ‘स्वतःवर ताबा ठेवा’ हा सल्लाही लगेच मिळतो. मला तो अपुरा वाटतो. का, ते कळायला बरेच मागे जावे लागते.

तक्रार जुनीच आहे. पुस्तकांची गर्दी मन विचलित करते, असे रोमन विचारवंत सेनेका पहिल्या शतकात लिहून गेला, तेही हस्तलिखितांच्या काळात. पंधराव्या शतकाच्या मध्यावर युरोपात गुटेनबर्गचा छापखाना सुरू झाला आणि पुढच्या शंभर वर्षांत विद्वान मंडळी खरोखरच बेजार झाली. झुरिकचा वैद्य आणि निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर त्यांतलाच. १५४५ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांची प्रचंड सूची छापली. तिच्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथांची नोंद होती. ग्रंथांच्या या गोंधळात टाकणाऱ्या, अपायकारक सुकाळाबद्दल त्याने प्रस्तावनेत खंतही व्यक्त केली.

गेस्नर नुसती खंत करून थांबला नाही. १५४८ च्या पुढच्या ग्रंथात त्याने विषयसूची कशी करावी तेही सांगितले. कागदाच्या एकाच बाजूला नोंदी लिहायच्या, कात्रीने एकेक नोंद कापायची, चिठ्ठ्यांचे विषयवार ढीग करायचे, ते लावून घ्यायचे आणि मग चिकटवायचे. छापील पुस्तकातलाच मजकूर कापायचा असेल, तर दोन प्रती हव्यात, कारण पान दोन्ही बाजूंनी छापलेले असते! त्याची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते. वर्णानुक्रमे सूची, पृष्ठक्रमांक, सारसंग्रह, १६६५ पासून निघू लागलेली विद्वत्पत्रिका (विद्वानांची नियतकालिके) या सगळ्यांमागे हीच धडपड होती: वाचकाला हवे ते लवकर सापडावे आणि नको ते बाजूला ठेवता यावे. चाळणी वाचकासाठी होती, आणि प्रत्येक पुस्तकाला शेवटचे पान होते.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांवर हीच वेळ आली. अमेरिकी अभियंता व्हॅनेव्हार बुश यांनी जुलै १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. मेजाएवढ्या या यंत्रात सगळे कागद सूक्ष्मचित्रांच्या रूपात साठवायचे आणि एका नोंदीवरून दुसरीकडे जायच्या वाटा वाचकाने स्वतः आखायच्या. या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा विचार मात्र हर्बर्ट सायमन यांचा. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या सायमन यांनी १९७१ च्या लेखात साधा हिशेब मांडला. माहिती वाचकाचे लक्ष खर्च करते, म्हणून माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा तुटवडा पडणारच. मग जी यंत्रणा जितके देते त्याहून जास्त गाळून टाकते, तीच उपयोगाची.

पुढे घडले ते नेमके उलट. १९७८ मध्ये अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावर एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरातीचा ईमेल पाठवला. पाठवणाऱ्याला तो जवळपास फुकट पडला, वेळ मात्र चारशे जणांचा गेला. १९९३ मध्ये वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले झाले आणि हा हिशेब जगभर लागू झाला. सर्च इंजिने आली तेव्हा निदान प्रश्न वाचकाचा होता. विचारले तर उत्तर मिळायचे.

माझ्या मते खरे वळण २००६ ते २००९ या तीन-चार वर्षांत आले. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणले. तोवर मित्राचे काय चालले आहे ते पाहायला त्याच्या पानावर जावे लागे. आता सगळ्यांचे सगळे आपोआप समोर येऊ लागले. त्याच वर्षी एझा रास्किन या डिझायनरने न संपणारे स्क्रोल तयार केले. बदल दिसायला किरकोळ होता. आधी खाली ‘पुढील पान’ असे बटण असायचे. तिथे बोट क्षणभर थांबे आणि त्या क्षणात ‘अजून पाहायचे का?’ हा प्रश्न मनात येऊन जाई. बटण गेले, त्याबरोबर प्रश्नही गेला. रास्किन यांनी पुढे याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. २००९ मध्ये फेसबुकचे लाइक बटण, ट्विटरचे रिट्विट बटण आणि आयफोनवर इतर अ‍ॅपची पुश नोटिफिकेशन्स, म्हणजे अ‍ॅप न उघडताही पडद्यावर येणाऱ्या सूचना, आली. बक्षीस कधी मिळेल ते अनिश्चित असले की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कितीतरी आधी दाखवले होते. फीड खाली ओढून ताजे करणारी बोटे तेच करत असतात. यामागचे कारण उघड आहे: जाहिरातींवर चालणाऱ्या सेवेची कमाई आपण किती वेळ थांबतो यावर ठरते. चाळणी आता वाचकासाठी राहिली नव्हती.

म्हणूनच सारा दोष वाचकाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. रचना बदलली की वागणे बदलते, याचा पुरावा आहे. अफवांमुळे भारतात जमावाच्या हल्ल्यांत माणसे मारली गेल्यावर, २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने तिथे एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असे ठरले. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कुणालाही उपदेश केला नव्हता. फक्त बोटाला थोडा अडथळा झाला.

इतर उपायही याच काळातले. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर ईमेल-फोनपासून दूर राहण्याच्या हक्कावर वाटाघाटी कराव्या लागतात. २०१८ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवर स्क्रीनसमोर गेलेला वेळ मोजायची सोय आली. ती चांगली आहे, पण मोजणे म्हणजे थांबणे नव्हे. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या मंचांना वैयक्तिक माहितीवर न बेतलेल्या फीडचा पर्याय देणे बंधनकारक केले.

वाचकाच्या हातात उरते ते वाचण्याची पद्धत बदलणे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे लोक वेबसाइटची पारख कशी करतात ते पाहिले. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा समोरचे पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. सफाईदार मांडणीला आणि रुबाबदार लोगोला भुलले. पडताळणी करणाऱ्यांनी ते पान लगेच सोडले, नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधले. त्यांनी कमी वाचले आणि निष्कर्ष लवकर, अधिक अचूक काढला. याच धर्तीवर डिजिटल साक्षरतेचे अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी २०१९ मध्ये चार पायऱ्या सुचवल्या: थांबा, स्रोत तपासा, याहून भरवशाची बातमी शोधा, विधान मुळात कुठून आले ते पाहा. अनेक विद्यापीठांची ग्रंथालये आज नव्या विद्यार्थ्यांना हेच शिकवतात.