समोर कोणी बसलंय असं धरून चालणाऱ्या क्वेरी

डेटाबेसला क्वेरी देणं, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारणं, बराच काळ टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून उत्तर वाचायच्या यंत्रावर व्हायचं. माउसने चालणारी साधनं बरीच नंतर आली. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांमध्ये ठेवायची पद्धत मांडली आणि 1974 मध्ये तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉईस यांनी त्यावर सीक्वेल ही भाषा बेतली. तीच पुढे एसक्यूएल झाली. प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही थेट माहिती विचारता यावी, ही त्यामागची इच्छा. त्याच सुमारास बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचं इंग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आकार घेत होतं. तिथे ‘मॉनिटर’ नावाच्या प्रोग्राममध्ये क्वेरी टाइप करायची आणि उत्तर तिथंच वाचायचं.

विचारणारा माणूस समोर आहे, हे दोन्हीकडे गृहीतच होतं. आजच्या स्क्रिप्टमधल्या, म्हणजे आपोआप चालवायला फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांडमधल्या, बऱ्याच कटकटींचं मूळ मला इथे दिसतं.

कारण 1973 मध्ये युनिक्समध्ये पाइप आले, एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याच्या इनपुटला जोडता येऊ लागलं. पुढे क्वेरी फाइलमध्ये लिहून ठेवायची, क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने) रात्री चालवायची आणि निकाल दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचा, ही रीतच पडली. साधनं मात्र जुन्या सवयींची. ओरॅकल डेटाबेसला क्वेरी देण्याचं साधन, एसक्यूएल प्लस, अजूनही सेटिंग न बदलल्यास 14 ओळींचं पान आणि 80 अक्षरांची ओळ धरून चालतं. वाचणाऱ्याला दर पानावर मथळे दिसलेले बरे वाटतात, पण तोच निकाल फाइलमध्ये गेला की आकड्यांच्या मध्येच मथळे घुसतात. म्हणून अशा स्क्रिप्टच्या डोक्यावर पेजसाइझ (पानाची लांबी) शून्य करणारी आणि फीडबॅक (किती ओळी मिळाल्या ही सूचना) बंद करणारी ओळ हमखास सापडते.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची गोष्ट जास्त गंभीर. 1990 च्या दशकाच्या मध्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी पोस्टग्रेसमध्ये एसक्यूएल आणलं, तेव्हा त्यातल्या जुन्या ‘मॉनिटर’च्या जागी पीएसक्यूएल हे क्वेरी द्यायचं साधन आलं. फाइलमधली एखादी कमांड फसली तर ते एरर दाखवतं आणि पुढची कमांड चालवायला घेतं. माणूस समोर असेल तर ठीक, तो एरर वाचून थांबेल. पण समजा, पहिली कमांड जुन्या नोंदी संग्रहाच्या टेबलमध्ये उतरवते आणि दुसरी त्या मूळ टेबलमधून पुसते. पहिली फसली, दुसरी चालली. नोंदी गेल्या, आणि एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे यश) शून्य आल्यामुळे क्रॉनच्या लेखी सगळं सुरळीत पार पडलं. दोन्ही कमांड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर सगळ्या नाहीतर एकही नाही अशा गटात असत्या, तर हे टळलं असतं.

1995 मध्ये आलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसचा क्लायंट, म्हणजे क्वेरी द्यायचा प्रोग्राम, इथे शहाणा वाटतो. इनपुट फाइलमधून येत असेल तर तो पहिल्याच चुकीला थांबतो, आणि चौकटी न आखता टॅबने वेगळे केलेले रकाने देतो. मुद्दाम ‘फोर्स’ सांगितलं तरच पुढे जातो.

पीएसक्यूएलमध्येही थांबायची सोय आहे. ‘ऑन एरर स्टॉप’ चालू केलं की पहिल्या चुकीला काम थांबतं आणि एक्झिट कोड 3 मिळतो. ते आजही मुळात बंदच असतं, त्यामुळे प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आठवणीने लिहावं लागतं.