दिवसभर पडून असतो: गोळ्यांची सुस्ती की आजारातलीच?

"गोळ्यांनी पार शुंभ करून टाकलं हो पोराला." हे मी ओपीडीच्या लाइनीत ऐकलंय, दादरला पालकांच्या मीटिंगमधे ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि बहुतेक वेळा त्याला जोडूनच पुढचं येतं, "म्हणून आम्ही बंदच केल्या." स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाच्या घरात यापेक्षा महागात पडणारा गोंधळ मी तरी पाहिलेला नाही. माझ्या धाकट्या भावाला हा आजार आहे, त्यामुळे हे मी घरात बसून बघते आणि बाहेरही सतत ऐकते, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते.

गोळ्यांची गुंगी सगळ्यांना माहितीये, त्यावर फार वेळ घालवत नाही. ओलान्झापिन, क्वेटियापिन, क्लोझापिन या गोळ्यांनी झोप येते, सकाळी डोकं जड असतं, दुपारी दोन घास खाल्ले की माणूस आडवा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जास्त असतं, मग बऱ्याच जणांचं थोडं कमी होतं. बस.

दुसरी गोष्ट आजाराची स्वतःची. स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना आवाज ऐकू येणं, शेजारी जादूटोणा करतायत असा संशय, टीव्हीवाला माझ्याबद्दलच बोलतोय, एवढंच आठवतं (आणि काहींना एका शरीरात दोन माणसं, ज्याचा या आजाराशी काहीही संबंध नाही, ते सिरियलवाल्यांनी डोक्यात भरवलंय). आवाज आणि संशय ही पॉझिटिव्ह लक्षणं, म्हणजे नको ते जास्तीचं आलेलं. पण जे असायला हवं ते कमी होतं, ती निगेटिव्ह लक्षणं: स्वतःहून काही सुरू करणं जमत नाही, बोलणं एकदोन शब्दांवर येतं, चेहऱ्यावरची माशी हलत नाही, माणसांत जावंसं वाटत नाही, पुढे काही छान होणार आहे याची ओढच लागत नाही. आंघोळीला जा म्हटलं तर हो म्हणतो आणि तासाभराने बघावं तर तिथेच. ढिम्म.

आता खरी मेख. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय, घरचे त्याला ओलांडून स्वयंपाक करतायत, डबे भरतायत, लोकल पकडायला पळतायत. त्यात गोळ्या डोळ्यासमोर दिसतात, पाकीट हातात असतं, त्यावर नाव असतं. आजार दिसत नाही. मग दोष कोणावर जाणार, तर गोळ्यांवर.

पहिला प्रश्न विचारायचा तो हा की हे सुरू कधी झालं. गोळीच्या आधी की नंतर? या आजारात बऱ्याच जणांचं मागे पडणं आवाज यायच्याही आधी, कधी कधी काही वर्षं आधी सुरू झालेलं असतं. अकरावी-बारावीत मार्क घसरले, क्रिकेटला जाणं सुटलं, गणपतीत जो आरतीला पुढे असायचा तो आतल्या खोलीतून बाहेर येईना, मित्रांचे फोन घेईना. तेव्हा घरात सगळे म्हणाले वय आहे, मोबाईल आहे, प्रेमभंग असेल. गोळ्या नंतर आल्या, आणि मागचं सगळं विसरून हिशोब गोळ्यांपासून मांडला गेला. म्हणून शांतपणे बसून जुनी वर्षं आठवा, शाळेतल्या बाईंना विचारा, चुलत भावंडांना विचारा. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत सुस्ती वाढली असेल तर संशय गोळीवर घ्यायचा. तीन वर्षांपासून तेच चाललंय, डोस बदलला तरी तेच, तर बहुधा आजार.

दुसरं, अंगाकडे बघा. हे फार कमी लोक करतात आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. याच आजारावरची हॅलोपेरिडॉल ही गोळी, आणि डोस जास्त असेल तर रिस्पेरिडोनसुद्धा, मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाला अडवतात. भास आणि संशय त्यामुळेच आवरतात, पण डोपामिन हालचालीलाही लागतं, तिथेही ते अडलं की माणूस पार्किन्सनच्या पेशंटसारखा होतो: चालताना हात हलत नाहीत, पावलं छोटी पडतात, अंग ताठ, बोटांना कंप, अक्षर बारीक होत जातं, तोंडातून लाळ येते (क्लोझापिनवर रात्री उशी भिजते ती मात्र वेगळी, त्याचा या ताठरपणाशी संबंध नाही). चेहरा यातही मख्ख होतो, म्हणूनच फसगत होते. त्याला गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगा आणि नुसते हात बघा. निगेटिव्ह लक्षणांत माणूस चालायला तयार नसतो, पण उठला की चाल बहुतेक नेहमीसारखी असते. गोळीच्या ताठरपणात तो यायला तयार असतो आणि शरीर साथ देत नाही. याचा मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवलेला, दहा मिनिटं "सुस्त आहे हो" सांगण्यापेक्षा कितीतरी चांगला.

तिसरं, इच्छा. गुंगीतला माणूस म्हणतो, मला यायचंय पण डोळे उघडत नाहीत, आणि खरंच झोपलेला असतो, संध्याकाळी औषधाचा जोर ओसरला की जरा बरा बोलतो. निगेटिव्ह लक्षणं असलेला बऱ्याचदा जागाच असतो. विचारलं तर "कशाला", नाहीतर काहीच नाही. पण इथे एक गोष्ट लोकांना पटतच नाही, ती म्हणजे त्याला आनंद होत नाही असं नाहीये. संशोधनात वारंवार दिसलंय की समोर आलेली गोष्ट या लोकांना बऱ्यापैकी आवडते, आवडणार आहे हे आधी मनात येत नाही. माझा भाऊ शिवाजी पार्कला यायला कधीही हो म्हणत नाही आणि तिथे गेल्यावर कट्ट्यावरून उठत नाही. चेहरा कोरा असला तरी आत भावना नसतात असंही नाही, त्या चेहऱ्यापर्यंत पोचत नाहीत. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलणाऱ्या पाहुण्यांनी हे दोनदा वाचावं.

आता गोळ्या बंद करण्याचा सापळा, कारण यात हुशार माणसं अडकतात. गोळी बंद केली की गुंगी काही दिवसांत उतरते. पोरगा लवकर उठतो, चहा मागतो, दोन वाक्यं जास्त बोलतो. घरात आनंदीआनंद, बघा, सांगत होतो ना, गोळ्याच होत्या! पण आजार काही दुसऱ्या दिवशी परत येत नाही, तो बऱ्याचदा आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी येतो, आणि तोवर घरातल्यांनी गोळी बंद आणि आजार परत या दोन गोष्टींचा धागाच जोडलेला नसतो, मग दोष नवीन नोकरीला, अमावास्येला, सुनेला. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच चाचण्या एकत्र करून आलेल्या आढाव्यात वर्षभराच्या सुमारास औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला होता, आणि औषध काढून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के. पहिल्या महिन्यातली तरतरी हा पुरावा धरू नका. आणि प्रत्येक वेळी आजार उलटल्यावर माणूस आधी होता तिथवर परत येईलच असं नसतं.

याच्या बरोब्बर उलट गोंधळही होतो, तोही सांगून टाकते. काही गोळ्यांनी पायात अशी तगमग होते की माणसाला एका जागी बसवत नाही, खोलीत येरझाऱ्या, उभं राहिलं तरी या पायावरून त्या पायावर. घरचे म्हणतात वेड वाढलं, तसंच डॉक्टरांना सांगतात, आणि मग डोस वाढण्याची भीती असते, म्हणजे तगमग अजून वाढणार. त्याला एवढंच विचारा, डोक्यात काही चाललंय की पाय शांत बसत नाहीत? बरेच जण नीट सांगतात, त्यांना कोणी विचारत नाही.

आळसावर दोनच ओळी. आळशी माणूस काम टाळतो आणि मजेला पुढे असतो, इथे मजाही सुटलेली असते. "लग्न करून द्या, सुधारेल" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, सरळ विषय बदलते, एका मुलीच्या आयुष्याचा प्रयोग करायचा नसतो. डिप्रेशन मात्र हलक्यात घेऊ नका. त्यात उदासी असते, रडू असतं, मी सगळ्यांना भार झालोय असं बोलणं असतं, आणि ते या आजारात वरून येऊ शकतं. जगायचं नाही असं काही तोंडातून आलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि काय करावं सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे.

वेगळं ओळखायचं ते उपाय वेगळे म्हणून. गुंगी असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, सगळी गोळी रात्रीवर नेतात किंवा औषध बदलतात. ताठरपणा असेल तर डोस कमी, किंवा सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल ही ताठरपणावरची गोळी, पण ती वर्षानुवर्षं आपली आपण चालू ठेवायची नाही, तिने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लक्षात राहत नाही. अजून एक, सिगारेटच्या धुराने ओलान्झापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे सिगारेट अचानक सुटली की तोच डोस जास्त होतो आणि गुंगी वाढते. सिगारेट सुटावीच, फक्त डॉक्टरांना आधी सांगा.

निगेटिव्ह लक्षणांना मात्र गोळी वाढवून फार काही मिळत नाही, भास-संशयावर औषधं जेवढी चालतात तेवढी इथे चालत नाहीत. इथे दिवसाला आकार द्यावा लागतो आणि सुरुवात दुसऱ्याने करून द्यावी लागते. "काहीतरी कर रे" याचा उपयोग शून्य. "चल, चप्पल घाल, खाली जाऊन कोथिंबीर आणू" याचा होतो, रोज त्याच वेळी, आणि आपण सोबत उठून. बादली भरून ठेवायची, टॉवेल हातात द्यायचा. आठवडा नाही, महिने लागतात. आणि टोमणे बंद. १९५०-६० च्या दशकात लंडनमधे जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यातून घरी गेलेल्या पेशंटांचा पाठपुरावा केला, तेव्हा सतत टीका, चिडचिड किंवा फारच जीव टाकणं चालू असलेल्या घरांत आजार जास्त वेळा उलटताना दिसला, नंतर इतर देशांतही तेच दिसलं. घरामुळे आजार होत नाही, हेही तेवढंच ठणकावून सांगते, आईला दोष देणारे पुष्कळ भेटतात. आपल्याकडे अपंगत्वाचा दाखला देताना आयडियाज नावाच्या मोजपट्टीने बघतात, त्यात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम हे चार भाग आहेत. बघा, आवाज येतात का हा त्यातला भागच नाही. हे सुटलेलं काम, ही न झालेली आंघोळ, याला कायदाही नखरे समजत नाही.

ओपीडीत दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून कागदावर लिहून न्या: सुस्ती कधीपासून, गोळी कधी बदलली, दिवसा झोपतो की जागा पडून असतो, चालताना हात हलतात का, लाळ, कंप, पायाची तगमग, सिगारेट किती. कागद डॉक्टरांच्या हातात द्या. आणि गोळ्या चुकवल्या असतील तर तेही त्यावर खरं लिहा, नाहीतर ते न घेतलेल्या गोळीचाच डोस वाढवतील.