प्रतलीय स्थिरबिंदू प्रश्न

प्रतलाचे विभाजन न करणाऱ्या काँटिन्युअमचे स्वतःमध्येच होणारे प्रत्येक संतत चित्रण (प्रत्येक बिंदूला त्याच संचातील एक बिंदू नेमून देणारा, जवळचे बिंदू जवळच ठेवणारा नियम) किमान एक बिंदू जागच्या जागी ठेवते काय, हा संस्थितिविज्ञानातील अनिर्णित प्रश्न. काँटिन्युअम म्हणजे संहत व संबद्ध मेट्रिक अवकाश. प्रतलात तो एकसंध, संवृत आणि मर्यादित संच असतो. तो काढून घेतल्यावर उरलेले प्रतल अखंड राहत असेल, तर तो प्रतलाचे विभाजन करत नाही असे म्हणतात. ज्या अवकाशाच्या स्वतःमधील प्रत्येक संतत चित्रणाला स्थिर बिंदू असतो, त्या अवकाशाला स्थिरबिंदू गुणधर्म आहे असे म्हणतात. विभाजनाची अट टाळता येत नाही. वर्तुळरेषा प्रतलाचे दोन भाग करते आणि ती केंद्राभोवती थोडीशी फिरवली की तिचा एकही बिंदू जागेवर राहत नाही.

प्रश्न प्रथम कोणी विचारला याबद्दल एकमत नाही. चकतीच्या स्वतःमधील प्रत्येक संतत चित्रणाला स्थिर बिंदू असतो, हा ब्रौव्हर यांचा सिद्धांत 1910 च्या सुमाराचा. शेरर यांनी 1926 मध्ये डेंड्राइट या वृक्षासारख्या काँटिन्युअमच्या होमिओमॉर्फिझमना (उलटही संतत असलेल्या एकास-एक चित्रणांना) स्थिर बिंदू असतो असे दाखवले. एअर्स यांनी 1930 मध्ये शेरर यांच्या निष्कर्षाचे व्यापकीकरण केले, आणि पुष्कळ लेखक प्रश्नाचा उगम तेथे धरतात. दुसरा उल्लेख ल्वूव येथील गणितज्ञांच्या ‘स्कॉटिश बुक’ या प्रश्नवहीत आहे. 1935 मध्ये सुरू झालेल्या या वहीतील 107 वा प्रश्न स्टर्नबाख यांच्या नावावर असून, तो संतत चित्रणे व होमिओमॉर्फिझम या दोहोंसाठी वेगवेगळा विचारलेला आहे. कालक्रम पाहता एअर्स यांचे नाव आधी येते, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र प्रश्नाचे दोन भाग पाडण्याचे महत्त्व पुढील इतिहासाने ठळक केले, आणि त्या दृष्टीने स्टर्नबाख यांची मांडणी अधिक नेमकी वाटते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ब्रौव्हर यांच्या परिचितांमध्ये हा प्रश्न तोंडी चर्चेत असणे अशक्य नाही. पण तसा लेखी आधार दाखवला जात नाही.

ब्रौव्हर यांचा सिद्धांत येथे थेट का लागू पडत नाही, हे पाहणे आवश्यक आहे. विभाजन न करणारा प्रत्येक प्रतलीय काँटिन्युअम म्हणजे एकात एक बसलेल्या, उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या चकत्यांचा छेद असतो. त्यावरील चित्रण टीट्झ यांच्या विस्तार सिद्धांताने संपूर्ण प्रतलावर नेता येते. परंतु विस्तारित चित्रण त्यांपैकी एखादी चकती त्याच चकतीच्या आत पाठवेलच असे नाही. ते तिला तिच्याहून मोठ्या चकतीत नेऊ शकते. ब्रौव्हर यांच्या सिद्धांताला लागणारी अट येथेच निसटते. चकत्यांचा आकार कितीही लहान केला तरी ही अडचण दूर होत नाही.

होमिओमॉर्फिझमच्या बाबतीत प्रगती आधी झाली, आणि तीही अनपेक्षित दिशेने. कार्टराइट व लिटलवुड आंदोलनांचे वर्णन करणाऱ्या व्हॅन डर पोल प्रकारच्या समीकरणांचा अभ्यास करत होते. त्यातूनच 1951 मध्ये त्यांनी पुढील सिद्धांत प्रसिद्ध केला : प्रतलाच्या दिशा राखणाऱ्या होमिओमॉर्फिझमखाली विभाजन न करणारा एखादा काँटिन्युअम संच म्हणून स्वतःवरच जात असेल, तर त्यात स्थिर बिंदू असतो. मूळ सिद्धता दीर्घ होती. हॅमिल्टन यांनी 1954 मध्ये व ब्राउन यांनी 1977 मध्ये तिची लहान रूपे दिली. ब्राउन यांची युक्ती अशी : काँटिन्युअममध्ये स्थिर बिंदू नाही असे धरा. प्रतलातून सर्व स्थिर बिंदू वगळून उरलेल्या भागाचा काँटिन्युअम ज्यात आहे तो घटक घ्या आणि त्याच्या सार्वत्रिक आच्छादनावर (त्यातील भोके उलगडून मिळणाऱ्या, भोके नसलेल्या अवकाशावर) जा. ते आच्छादन पुन्हा प्रतलच असते. तेथे उचलून नेलेले चित्रण एका संहत संचाला त्याच संचात नेते, म्हणून ब्रौव्हर यांच्या प्रतलाच्या होमिओमॉर्फिझमविषयीच्या स्थानांतर सिद्धांतानुसार त्या चित्रणाला स्थिर बिंदू असलाच पाहिजे. परंतु स्थिर बिंदू तर आधीच वगळलेले आहेत, हा विरोधाभास. बेल यांनी 1978 मध्ये दिशा उलटवणारे होमिओमॉर्फिझमही या सिद्धांताच्या कक्षेत आणले. तरीही हे निष्कर्ष संपूर्ण प्रतलावर विस्तारता येणाऱ्या होमिओमॉर्फिझमविषयीचे आहेत. केवळ काँटिन्युअमवर व्याख्या केलेला होमिओमॉर्फिझम त्यांत आपोआप येत नाही, आणि संक्षिप्त वर्णनांत ही गोष्ट अनेकदा सुटते.

सर्वसाधारण संतत चित्रणांसाठी मुख्य साहाय्य एका घटवणी प्रमेयाचे आहे. बेल (1967), सिएक्लुत्स्की (1968) आणि इलियादिस (1970) यांनी स्वतंत्रपणे दाखवले की स्थिर बिंदू नसलेले चित्रण अस्तित्वात असेल, तर काँटिन्युअमच्या सीमेत एक अविघटनीय काँटिन्युअम असतो व तो चित्रणाखाली स्वतःवरच जातो. स्वतःहून लहान अशा दोन काँटिन्युअमच्या संयोगाने जो मिळत नाही तो अविघटनीय. असे पहिले उदाहरण ब्रौव्हर यांनीच 1910 मध्ये दिले होते. म्हणजे प्रतिउदाहरण असलेच, तर ते गुळगुळीत सीमेच्या आकृतीत सापडणार नाही. यातून काही प्रकार निकालात निघतात : कोणत्याही दोन बिंदूंना कमानीने जोडता येणाऱ्या, विभाजन न करणाऱ्या प्रतलीय काँटिन्युअमला स्थिरबिंदू गुणधर्म असतो, हे हॅगोपियन यांनी 1971 मध्ये सिद्ध केले. पुढे 1988 मध्ये त्यांनी प्रत्येक कमान-घटक (कमानींनी परस्परांशी जोडता येणाऱ्या बिंदूंचा गट) त्याच घटकात नेणाऱ्या चित्रणांचाही निकाल लावला. मिंक यांच्या 1990 च्या निबंधात सीमेतील अविघटनीय भाग स्यूडो-आर्क या विशिष्ट अविघटनीय काँटिन्युअमच्या संतत प्रतिमा असतील तेव्हाचा प्रश्न सोडवला आहे.

बेल यांच्या कामाचा बराच भाग प्रथम केवळ घोषित झाला होता. त्याच्या सिद्धता सहज उपलब्ध नव्हत्या. ब्लोख, फोक्किंक, मेयर, ओव्हरस्टीगन व टिमचॅटिन यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्या एकत्र मांडल्या. त्याच्या केंद्रस्थानी साध्या बंदिस्त वक्रावरील चित्रणाचा निर्देशांक (वक्रावरून एक फेरी मारताना बिंदूपासून त्याच्या प्रतिमेकडे जाणारी दिशा किती वेळा फिरते ती संख्या) आणि ‘विचरण’ (प्रतिमा वक्राबाहेर कशी फिरते याची चिन्हासह मोजणी) यांचा संबंध आहे : निर्देशांक हा विचरणापेक्षा एकने अधिक असतो. चकतीत स्थिर बिंदू नसेल तर तिच्या कडेवरील निर्देशांक शून्य, म्हणून विचरण वजा एक. हे वजा एक कोठून येते याचा शोध घेतला असता, चित्रण सीमेला किमान रीतीने (म्हणजे तसाच आणखी लहान काँटिन्युअम आत न उरता) स्वतःत नेत असेल तेव्हा बाहेरून काँटिन्युअमकडे जाणारा एकमेव बहिर्मार्ग त्याला जबाबदार ठरतो. ज्या चित्रणांत असा मार्ग संभवत नाही, उदाहरणार्थ धनदिश (फेरीची दिशा न उलटवणारी) चित्रणे, त्यांना स्थिर बिंदू असतो. असा बहिर्मार्ग प्रत्यक्षात असू शकतो का, यावर मूळ प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे.

प्रतलाबाहेर उत्तर नकारार्थी आहे. त्रिमिती अवकाशात बोर्सुक (1935) व किनोशिता (1953) यांची उदाहरणे ज्ञात आहेत; किनोशिता यांचा काँटिन्युअम तर एका बिंदूत आक्रसता येण्याजोगा आहे. वृक्षसदृश काँटिन्युअमना, म्हणजे सांत वृक्षांच्या (मोजक्या रेषाखंडांच्या, बंद वळसे नसलेल्या जोडणींच्या) चित्रणांनी जोडलेल्या क्रमिकेच्या ‘व्यस्त सीमे’ने मिळणाऱ्यांना, हा गुणधर्म असावा अशी दीर्घकाळ अपेक्षा होती. शृंखलनीय (साखळीसारख्या रांगेतील कितीही लहान संचांनी झाकता येणाऱ्या) काँटिन्युअमबाबत हॅमिल्टन यांनी ती 1951 मध्ये खरी ठरवली होती. बेलमी यांनी 1980 मध्ये स्थिरबिंदू गुणधर्म नसलेला वृक्षसदृश काँटिन्युअम रचून ती अपेक्षा मोडली. अंतर्भाग नसलेला, विभाजन न करणारा प्रत्येक प्रतलीय काँटिन्युअम वृक्षसदृश असतो. त्यामुळे या रचनेनंतर प्रतलातही प्रतिउदाहरण मिळेल अशी शंका बळावली. बिंग यांनी 1969 मध्ये स्थिरबिंदू गुणधर्मावरील लेखात या प्रश्नाला विशेष स्थान दिले होते. तेव्हा होकारार्थी उत्तराकडे असलेला कल आज तितका ठाम राहिलेला दिसत नाही.