आकडे आणि वेळ: महागडा सीडी ट्रान्सपोर्ट घरी पारखताना

सीडी ट्रान्सपोर्ट म्हणजे अर्धा सीडी प्लेयर. तबकडी फिरवायची, लेसरने वाचायची आणि मिळालेले आकडे तारेतून पुढे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. त्या आकड्यांपासून पुन्हा विद्युत लहर तयार करणारा डॅक वेगळ्या पेटीत असतो. या अर्ध्या यंत्रासाठी लोक काही हजारांपासून काही लाखांपर्यंत रुपये मोजतात. जपानच्या एसोटेरिक कंपनीच्या यंत्रणेत सीडी तिच्याच आकाराच्या धातूच्या चकतीवर सपाट दाबून धरली जाते, म्हणजे वाकलेली तबकडीही फिरताना डुलत नाही. सीईसी या दुसऱ्या जपानी कंपनीने तबकडी थेट मोटरवर न बसवता पट्ट्याने फिरवली. हे अभियांत्रिकी काम उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच, की यातलं किती आपल्या कानापर्यंत पोचतं? याचं उत्तर घरी, हाताशी असलेल्या साधनांनी बऱ्याच अंशी मिळू शकतं. अट एकच, आधी मोजायचं आणि मग ऐकायचं.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेयर विक्रीला आला. दर सेकंदाला डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची क्षणोक्षणी घेतलेली मोजमापं, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन वाहिन्या धरल्या तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ते सगळे एका सर्पिलाकार रेघेवरच्या सूक्ष्म खड्ड्यांत लिहिलेले असतात. रेघ आतून बाहेर जाते, तिच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन आणि एकूण लांबी पाच किलोमीटरहून जास्त. ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर ही रेघ वाचतो आणि तबकडीचा वेग आतल्या टोकाला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांपासून बाहेरच्या टोकाला सुमारे २०० पर्यंत उतरत जातो.

इतकं बारीक लेखन वाचताना चुका होणारच, आणि मानक ठरवणाऱ्यांनी त्या गृहीतच धरल्या होत्या. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली त्रुटी-सुधारणेची पद्धत सीडीत वापरली आहे. संगीताच्या दर २४ बाइटांमागे ८ बाइट फक्त पडताळणीसाठी असतात. शिवाय लागोपाठचे नमुने तबकडीवर शेजारी शेजारी न लिहिता लांब लांब पसरवलेले असतात. त्यामुळे एक ओरखडा एका क्षणाचं सगळं संगीत पुसू शकत नाही, अनेक क्षणांतला थोडाथोडा भागच बिघडवतो आणि तो गणिताने जसाच्या तसा परत मिळवता येतो. रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर मजकूर सलग नाहीसा झाला तरी आकडे तंतोतंत भरून निघतात. त्याहून मोठं नुकसान झालं, तरच यंत्र आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने आकडा बसवतं. सुधारणा आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट लक्षात घ्यायला हवं. सुधारलेला आकडा मूळ आकडाच असतो. त्यात ‘थोडा कमी गोडवा’ असं काही उरत नाही.

म्हणून पहिली परीक्षा आकड्यांची. डिजिटल इनपुट असलेलं साउंड कार्ड किंवा ऑडिओ इंटरफेस कुणाकडून उसना मिळाला तरी चालतो. ट्रान्सपोर्टची कोअॅक्सियल (धातूची) किंवा ऑप्टिकल (प्रकाशाची) तार त्याला जोडायची, इंटरफेसचं क्लॉक, म्हणजे नमुन्यांची लय ठरवणारं घड्याळ, बाहेरून येणाऱ्या सिग्नलवर लावायचं आणि ४४,१०० वर एक गाणं रेकॉर्ड करायचं. संगणकातले व्हॉल्यूम, इक्वलायझर, नमुना-दर बदलणारी सोय, सगळं बंद. तेच गाणं संगणकाच्या सीडी ड्राइव्हवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रॅमने उतरवून घ्यायचं. हा प्रोग्रॅम आपली नक्कल इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या नकलांशी ताडून पाहतो, त्यामुळे आपल्या हाती एक खात्रीची प्रत येते.

आता दोन्ही फाइली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक उघडायच्या आणि इतकं झूम करायचं की रेषेच्या जागी एकेक नमुना ठिपक्यासारखा दिसू लागेल. दोन्हींची सुरुवात सहसा जुळत नाही, कारण रेकॉर्डिंग आपण हाताने सुरू केलेलं असतं आणि वेगवेगळ्या ड्राइव्हचं वाचन काही नमुने पुढेमागे सुरू होतं. एखादा ठसठशीत ठिपका पकडायचा, तबल्याच्या पहिल्या थापेचा मिळाला तर उत्तम, आणि दोन्ही फाइली नमुन्याला नमुना जुळवायच्या. मग एका फाइलची लहर उलटी करायची, म्हणजे वरचं खाली आणि खालचं वर (‘इन्व्हर्ट’), आणि दोन्हींची बेरीज करायची. आकडे सारखे असतील तर बेरीज शून्य येते, पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ रेषा उरते. तिचा आवाज कितीही वाढवला तरी तिच्यात काही सापडत नाही. एकाही नमुन्यात एका बिटाचा फरक असता तर तो इथे दिसला असता. सीडी खराब असेल तर सरळ रेषेत मध्येच एखादा काटा उभा राहतो, म्हणजे त्या जागी यंत्राने अंदाज बसवला आहे.

नीट चालणारा कोणताही ट्रान्सपोर्ट, स्वस्त असो की महाग, स्वच्छ तबकडीवर ही परीक्षा उत्तीर्ण होतो. ‘या ट्रान्सपोर्टने तबकडीतला जास्त तपशील बाहेर काढला’ हे वाक्य ध्वनिशौकिनांच्या गप्पांत सर्रास येतं, पण त्याला आधार राहत नाही. तपशील आकड्यांत असतो आणि आकडे तेच आहेत.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि जे ती इथेच संपवतात त्यांच्याशीही मी सहमत नाही. आकड्यांबरोबर वेळही लागते. डॅकने प्रत्येक नमुना नेमक्या क्षणी लहरीत बदलला पाहिजे, दर २२.७ मायक्रोसेकंदांनी एक. तो क्षण किंचित मागेपुढे झाला तर लहरीचा आकार बदलतो, आणि या मागेपुढे होण्याला जिटर म्हणतात. ट्रान्सपोर्टच्या तारेतून आकडे आणि क्लॉकची चाल एकाच सिग्नलमध्ये गुंफून येतात. डॅकला ती चाल त्यातूनच शोधून काढावी लागते. तार ७५ ओहमची नसेल, जोडणी सैल असेल, ट्रान्सपोर्टचं क्लॉक डळमळीत असेल, तर चाल थरथरते. महागड्या ट्रान्सपोर्टचा खरा दावा इथे आहे आणि तो भौतिकशास्त्राला धरून आहे.

किती थरथर चालते, हे मोजता येतं. १० किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा स्वर घेतला आणि क्लॉक ठरावीक लयीत १ नॅनोसेकंद मागेपुढे डोललं, तर त्या स्वराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक आगंतुक स्वर उमटतात, मूळ स्वराहून सुमारे ९० डेसिबल खाली. आपल्या घरात पंखा चालू असतो, खाली रस्ता वाहत असतो. अशा खोलीत जोराने ऐकताना संगीताचा सर्वांत मोठा आवाज आणि खोलीचा गोंगाट यांच्यामध्ये जेमतेम ५०-६० डेसिबल मिळतात. माणसांवरच्या प्रयोगांतही हेच दिसलं आहे. बेंजामिन आणि गॅनन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात शुद्ध उंच स्वरावर काही श्रोत्यांना १० नॅनोसेकंदांच्या आसपासचा जिटर ओळखता आला, पण प्रत्यक्ष संगीतात त्याहून जास्त लागला. २००५ मध्ये जपानमध्ये आशिहारा आणि सहकाऱ्यांना तयार कानाच्या श्रोत्यांमध्येही, स्वैर जिटर ओळखू येण्याची मर्यादा काही शे नॅनोसेकंद आढळली. चांगल्या आधुनिक उपकरणांचा जिटर एका नॅनोसेकंदाच्याही खाली असतो.

शिवाय आजचे बरेच डॅक आलेले आकडे आधी स्मृतीत साठवतात आणि स्वतःच्या क्लॉकवर बाहेर काढतात. नगरपालिकेचं पाणी कमी-जास्त दाबाने आलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे नळाची धार एकसारखी राहते, तसंच हे. अशा डॅकपुढे ट्रान्सपोर्टच्या थरथरीला फारसा वाव उरत नाही. १९९० च्या आसपासचा जुना डॅक वापरत असाल, तर मात्र ट्रान्सपोर्ट आणि तार यांचा फरक जास्त पडू शकतो. म्हणून ‘ट्रान्सपोर्टचा आवाज’ असं सुटं काही मला मान्य नाही. आवाज नेहमी ट्रान्सपोर्ट आणि डॅक या जोडीचा असतो, आणि परीक्षाही जोडीचीच घ्यावी.

जिटर ऐकण्यासाठी तानपुरा लावावा असं अनेकांना वाटतं, कारण तो अखंड चालू असतो. मला तो या कामाला योग्य वाटत नाही. जवारीमुळे त्यात स्वरांशांची इतकी दाटी असते की आगंतुक स्वर त्यात झाकून जातात. जलतरंगाचा वरचा स्वर एकटा वाजून विरत जातो, किंवा पियानोची वरची पट्टी. तिथे लपायला जागा कमी असते.

कानाला खरोखर ऐकू येणारे फरक बहुतेकदा दुसरीकडेच सापडतात. त्यातला एक फारसा कुणाला माहीत नसतो. सीडीच्या पहिल्या काही वर्षांत, विशेषतः जपानी तबकड्यांवर, ध्वनिमुद्रण करताना वरचे स्वर मुद्दाम उचलून लिहिले जात आणि वाजवताना तितकेच खाली आणले जात. असं केलं आहे ही खूण तबकडीवर संगीतापासून वेगळी नोंदलेली असते. ट्रान्सपोर्टने ती खूण पुढे पाठवली नाही, किंवा डॅकने तिच्याकडे लक्ष दिलं नाही, तर वरचे स्वर उचललेलेच राहतात, २० किलोहर्ट्झपाशी साडेनऊ डेसिबलच्या आसपास. झांजा टोचतात, गायकाचा ‘स’ कानात शिरतो. कुणी याला ‘मोकळा, तपशीलवार आवाज’ म्हणेल, कुणी ‘कर्कश डिजिटल’. दोघांनीही ऐकलेलं खरं असतं, कारण मात्र भलतंच असतं. संग्रहात अशी तबकडी असेल तर ट्रान्सपोर्ट पारखताना ती जरूर लावा.

दुसरा फरक वीजजोडणीचा. ट्रान्सपोर्ट एका प्लगवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्यावर आणि दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेलेलं असेल, तर कोअॅक्सियल तारेच्या आवरणातून प्रवाह फिरतो आणि स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण येते. संगीत थांबवून कान स्पीकरला लावा. ऑप्टिकल तार जोडल्यावर गुणगुण गेली, तर दोष अर्थिंगच्या वाटेचा होता. प्रकाशाच्या तारेतून वीज जात नाही. सगळी यंत्रं एकाच नीट अर्थिंग असलेल्या पट्टीवर घेणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

एवढं झाल्यावर ऐकायला बसावं, आणि ते न पाहता. कोणतं यंत्र चालू आहे हे माहीत असलं की डोळा कानाच्या आधी निकाल देतो. यात कमीपणा नाही, मेंदू असाच काम करतो. दोन ट्रान्सपोर्ट, त्याच सीडीच्या दोन प्रती आणि एकच डॅक घ्यावा. आकडे जुळले आहेत हे आधी सिद्ध झालं असेल तर पातळी आपोआप सारखी असते. पण ट्रान्सपोर्ट-डॅकच्या जोडीची तुलना एखाद्या अख्ख्या सीडी प्लेयरशी करायची असेल, तर पातळी जुळवावीच लागते. १ किलोहर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजावं. एकीकडे २.०० व्होल्ट आणि दुसरीकडे २.०२ भरलं, तर फरक ०.१ डेसिबलच्या आत आहे. त्याहून जास्त फरक असला की जोरात वाजणारं यंत्र ‘जास्त जिवंत’ वाटू लागतं.

घरातलं कुणीतरी पडद्याआड बसून नाणं उडवेल आणि त्याप्रमाणे यंत्र निवडेल, ते कोणतं हे आपण ऐकून ओळखायचं. बदलताना आवाज पूर्ण बंद करायचा, कारण नवा सिग्नल पकडताना डॅकमधून येणारी टिकटिकही खूण ठरू शकते. तुकडे छोटे हवेत, अर्ध्या मिनिटाचे, कारण आवाजाच्या पोताची आठवण फार लवकर विरते. १६ फेऱ्यांत १२ बरोबर आल्या तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. १० पैकी ८ बरोबर हे ऐकायला भारी वाटतं, पण निव्वळ नाणेफेकीतही तसं किंवा त्याहून चांगलं साडेपाच टक्के वेळा घडतं. पुरेशा फेऱ्या घेण्याचा कंटाळा आला, तर निष्कर्षही काढू नये.

एवढं करूनही फरक ओळखता आला, तर त्याला कारण असणार आणि ते शोधण्यासारखं आहे. नाही ओळखता आला, तरी चांगल्या ट्रान्सपोर्टला पैसे मोजण्याची कारणं उरतातच. शांत खोलीत तबकडी फिरल्याचा आवाज येऊ नये, ओरखडे पडलेली जुनी सीडी न अडखळता चालावी, दोन भागांत सलग वाजणारा ख्याल मध्ये न तुटता पुढे जावा, ट्रे वर्षानुवर्षं सुरळीत उघडावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, लेसरचं वाचक-डोकं बदलून मिळावं. लेसर कालांतराने मंद होतो. फिलिप्सच्या सीडीएम मालिकेतल्या यंत्रणांवर एके काळी कितीतरी नामांकित ट्रान्सपोर्ट उभे होते. त्यांचं उत्पादन बंद झालं आणि सुट्या भागांअभावी महागडी यंत्रंही अडून बसतात.

जुना ट्रान्सपोर्ट विकत घेत असाल तर ७० मिनिटांहून लांब सीडीचा शेवटचा भाग लावून पाहा, कारण तबकडीचं डुलणं बाहेरच्या कडेला सर्वाधिक असतं. सोबत घरी लिहिलेली एखादी सीडी-आरही न्या. ती छापील सीडीपेक्षा प्रकाश थोडा कमी परतवते, त्यामुळे थकत चाललेला लेसर आधी तिच्यावर अडखळतो. दोन्ही नीट चालल्या, तरी विक्रेत्याला वाचक-डोक्याचा मॉडेल क्रमांक विचारून घ्या आणि ते आज कुठे मिळतं हे पैसे देण्याआधीच पाहा.