लाईट गेली की व्हिडिओ अडकतो

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात शेजारच्या आबांना दशावताराचं वेड आहे. पूर्वी पंचक्रोशीतली एक जत्रा चुकवायचे नाहीत. आता गुडघ्यांना जागरण झेपत नाही, म्हणून मुंबईच्या मुलाने गणपतीत येताना जुना लॅपटॉप आणला आणि त्यात तीसेक नाटकं भरून ठेवली. आबा पडवीत बसून ती बघतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला हाक मारली, "लाईट गेली काय ह्यां कित्याक अडाकता रे?"

मी बसून पाहिलं. लाईट होती तोवर सगळं झकास. लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला आणि साधारण अर्ध्या मिनिटाने ठेच लागली. युद्धाच्या प्रसंगात तलवार हवेत असतानाच चित्र थिजलं, पायपेटीचा सूर 'कर्र' झाला, आणि पुढच्या क्षणी राक्षस थेट जमिनीवर. पुन्हा अर्ध्या मिनिटाने तेच.

निदानं तयारच होती. सूनबाई म्हणाल्या, वायफाय. पण नाटकं लॅपटॉपच्याच डिस्कवर होती, वायफायचा संबंध काय? कुडाळच्या एका दुरुस्तीवाल्याने ग्राफिक्स गेल्याचं सांगून बोर्डाचा खर्च काढला होता. आणि आबांचं स्वतःचं मत होतं की अंधार पडला की देवचार, म्हणजे गावची राखण करणारं भूत, आडवा येतो. देवचाराला निदान एक नारळ पुरतो. 'तुमच्या संगणकाचा वेग दुप्पट करा' म्हणणारी सॉफ्टवेअरं दर वर्षी पैसे मागतात आणि करत काहीच नाहीत, त्यामुळे मी आबांना फार हसलो नाही. दसऱ्याच्या पूजेबद्दल मात्र बोललो. यंत्राची पूजा जरूर करा, पण झेंडूची फुलं बाजूला ठेवा. पंख्याच्या जाळीतून मी चिमट्याने हळदकुंकवाचं चिकट लिंपण काढलं, त्याने पंख्याचा आवाज गेला. ठेच तशीच राहिली.

मग मी लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला. विंडोज नाही, तिचे ड्रायव्हर नाहीत, सगळा संसार वेगळा. चार्जर काढला, नाटक लावलं. ठेच हजर! म्हणजे दोष विंडोजच्याही खाली कुठेतरी होता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली जे असतं, त्याला आपण बायोस म्हणतो.

बायोस म्हणजे संगणक चालू होताना दिसणारा तो काळा पडदा, एवढीच बहुतेकांची समजूत असते. बटण दाबलं की तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो, ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो आणि झोपी जातो, असं आपण कॉम्प्युटरच्या क्लासात शिकलो. हे नाव गॅरी किल्डॉल या अमेरिकन प्रोग्रामरने १९७५च्या सुमारास त्याच्या सीपी/एम या सिस्टिमसाठी वापरलं, १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर ते घरोघर पोहोचलं. आज आत असतं ते खरं तर यूईएफआय, पण जिभेवर जुनंच नाव आहे. तेव्हा बायोसच म्हणू. आता मुद्दा असा की हा बायोस झोपी जात नाही. तुम्ही नाटक बघत असता, तेव्हाही तो तळघरात जागा असतो.

या जागरणाची सोय इंटेलने १९९० साली ८०३८६ एसएल या प्रोसेसरमध्ये केली. तो प्रोसेसर लॅपटॉपसाठीच होता. बॅटरी वाचवणं, पंखा, झाकण असल्या कामांसाठी निर्मात्याचा छोटा प्रोग्राम चालायला हवा होता आणि तो कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर, तिला न विचारता, चालायला हवा होता. म्हणून 'सिस्टिम मॅनेजमेंट मोड' आला. एक खास इशारा येतो, त्याला एसएमआय म्हणतात. तो आला की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे सोडतो, आपली सगळी अवस्था एका राखीव मेमरीत टिपून ठेवतो आणि बायोसने तिथे ठेवलेला कोड चालवू लागतो. सहसा त्याचे सगळे कोअर, म्हणजे आतले कामकरी भाग, एकदम थांबतात. काम झालं की अवस्था जशीच्या तशी परत आणून सोडलेल्या ओळीवरून पुढे. विंडोजला याचा पत्ताच नसतो. तिच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही, फक्त घड्याळ पुढे सरकलेलं आहे.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ही चोरी पकडायची युक्ती. लिनक्समध्ये एचडब्ल्यूलॅट नावाचा शोधक आहे. तो बाकीचे सगळे व्यत्यय बंद करतो आणि प्रोसेसरमधल्या टिकटिक मोजणाऱ्या काउंटरकडे एकटक बघत बसतो: आता किती, आता किती, आता किती. पापणी लवायला परवानगी नाही. दोन वाचनांमध्ये मायक्रोसेकंदाहूनही कमी अंतर असायला हवं. एकाएकी काटा मोठी उडी मारून पुढे गेलेला दिसला, तर मधल्या वेळात आपण शुद्धीवर नव्हतो, कुणीतरी आपल्याला खालून उचलून नेलं होतं. चोर दिसत नाही, पण चोरलेला वेळ अचूक मोजता येतो, कारण तो काउंटर तळघरातही चालूच राहतो.

चार्जर लावून चाचणी केली, उडी नाही. चार्जर काढला आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाने उड्या सुरू झाल्या: ३० मिलिसेकंद, ४०, एकदा तर ६०. इंटेलच्या बायोस तपासणाऱ्या बिट्स या संचात १५० मायक्रोसेकंदांपुढचा एसएमआय दोष धरला जातो. आमचा ६० मिलिसेकंदांचा महाभाग त्याच्या ४०० पट होता.

आता ६० मिलिसेकंदांनी असं काय बिघडतं? नाटक सेकंदाला २५ चित्रांनी चित्रित केलेलं, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद. प्रोसेसर गायब असताना पुढचं चित्र पडद्याकडे पाठवायला कुणी नाही. पडद्याला चित्र पुरवणारं सर्किट मात्र प्रोसेसरच्या जिवावर नसतं, ते हातातलं शेवटचं चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवत राहतं. म्हणून पडदा काळा होत नाही, तलवार हवेत थिजते. आवाजाचं जास्त गमतीदार आहे. सुपारीच्या बागेत रहाट बघितला असेल तर चटकन कळेल. ध्वनीची मेमरी रहाटाच्या माळेसारखी गोल असते. प्रोसेसर एका बाजूने गाडगी भरतो, आवाजाची चिप दुसऱ्या बाजूने ओतते. फरक इतकाच की मेमरीतलं गाडगं ओतल्याने रिकामं होत नाही. भरणारा गायब झाला तरी माळ फिरतेच आणि मघाचंच शिळं पाणी पुन्हा वर येतं. पायपेटीच्या सुराचा तोच तुकडा दोनदा वाजला की कानाला 'कर्र' ऐकू येतं. प्रोसेसर परत आल्यावर प्लेअर बघतो, आवाज पुढे गेला आणि चित्र मागे राहिलं. आवाजाची चूक माणसाला लगेच खटकते, म्हणून बहुतेक प्लेअर आवाजाचं घड्याळ खरं मानतात आणि मागे पडलेली चित्रं गाळतात. राक्षस पडताना दिसला नाही, थेट पडलेलाच दिसला, तो यामुळे.

आणि हे बॅटरीवरच का? कारण बॅटरीवर असताना ऑपरेटिंग सिस्टिम सारखी चौकशी करते, किती उरली, किती वेगाने उतरते आहे. तो प्रश्न निर्मात्याने बायोसमध्ये लिहिलेल्या छोट्या कोडकडे जातो, आमच्या लॅपटॉपात तो एसएमआय उठवत होता, आणि तळघरातला कोड बॅटरीतल्या चिपशी बोलत होता. ही बोलणी ज्या तारेवर होतात ती एसएमबस सहसा १०० किलोहर्ट्झच्या चालीने चालते. एक आकडा वाचायचा तर पत्ता, प्रश्न, पुन्हा पत्ता आणि दोन बाइट उत्तर असे पाच बाइट, प्रत्येकाला पोचपावतीसह नऊ ठोके, म्हणजे ४५ ठोके, जवळजवळ अर्धा मिलिसेकंद. व्होल्टेज, करंट, तापमान, उरलेली क्षमता असे डझनावारी आकडे, मध्ये पंखा सांभाळणाऱ्या चिपची मध्यस्थी, उत्तर नीट आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला अब्जावधी ठोके देणारा प्रोसेसर तेवढा वेळ हाताची घडी घालून उभा. हा आकडेमोडीचा परिच्छेद ज्यांना जड गेला त्यांनी खुशाल सोडून द्यावा, मला मात्र तो गाळवला नाही.

असं काही फक्त आबांच्याच नशिबी येतं असं नाही. मार्च २०२२मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने जाहीर कबूल केलं होतं की त्यांचे प्रोसेसर असलेल्या काही संगणकांवर विंडोज १० आणि ११मध्ये सगळं अधूनमधून अडखळतं. कारण होतं एफटीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय. तिचा व्यवहार मदरबोर्डावर बायोस ज्या फ्लॅश चिपमध्ये साठवतात तिच्याशीच चाले आणि तो लांबला की बाकीच्यांना थांबावं लागे. रोहा सोडून वीरच्या पुढे आलं की कोकण रेल्वे एकेरी होते. समोरून गाडी येत असली की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात मुकाट उभी, तसं. उपाय म्हणून त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नवे बायोस देऊ केले गेले.

आमच्या लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरही नवी आवृत्ती होती. बदलांच्या यादीत बॅटरीची माहिती वाचायला लागणारा वेळ कमी केल्याची एक ओळ दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. अशा दुरुस्तीचा सरळ मार्ग म्हणजे सगळ्यांना उभं करून बॅटरीला विचारत बसायचं नाही. पंखा सांभाळणाऱ्या त्या दुय्यम चिपने सावकाश आकडे गोळा करून ठेवायचे, प्रोसेसरने येता-जाता उचलायचे.

पण बायोस अपडेट करणं म्हणजे ॲप अपडेट करणं नव्हे. तो चवळीच्या दाण्याएवढ्या, आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये असतो. तिच्या प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले की शून्य, मोकळे केले की एक. कोंडणं एकेका कप्प्यात जमतं, मोकळं करणं मात्र गटानेच, साधारण चार किलोबाइटचा गट एकदम. पाटीवरचं एक अक्षर बदलायला अख्खी पाटी पुसायची. पुसून झाली आहे, नवं लिहायचं आहे आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर? बटण दाबल्यावर प्रोसेसर आपली पहिली आज्ञा मेमरीच्या पत्त्यांत चार जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट खाली, म्हणजे याच चिपमध्ये, शोधतो. तिथे कोरी पाटी असली की संपलं. अशा यंत्राला इंग्रजीत वीट म्हणतात, आपल्याकडे चिरा म्हणायला हरकत नाही. बऱ्याच नव्या यंत्रांत जुनी प्रत राखीव असते, सगळ्यांत नसते.

१९९९ साली २६ एप्रिलला सीआयएच या व्हायरसने अनेक संगणकांच्या बायोसमध्ये कचरा लिहून नेमके असे चिरे केले होते. म्हणून आताचे लॅपटॉप निर्मात्याची डिजिटल सही तपासल्याशिवाय नवा बायोस सहसा घेत नाहीत, आणि म्हणूनच फाइल फक्त निर्मात्याच्या साइटवरून, अगदी त्याच मॉडेलची घ्यायची. कुणी ग्रुपवर पाठवलेली नको.

आमच्याकडे जुलैत लाईटचा भरवसा धरणं म्हणजे वेडेपणाच. तरी लॅपटॉप डेस्कटॉपपेक्षा इथे बरा, त्याच्या पोटातच इन्व्हर्टर आहे. बॅटरी पूर्ण भरली, चार्जर लावून ठेवला (त्याशिवाय अपडेट सुरूच होत नव्हतं) आणि पाऊस उघडलेली सकाळ निवडली. त्याआधी मुंबईला फोन करून बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ अंकी किल्ली मागून घेतली. बायोस बदलला की यंत्राची ओळखपरेड चुकते आणि विंडोज ही किल्ली मागू शकते, ती नसेल तर तीसही नाटकं कुलपात. आठ मिनिटं लागली. मध्ये पडदा दोनदा काळा झाला, पंखा जोरात फिरला, आबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. देवाला घातलेलं गाऱ्हाणंच असावं.

तुमचा व्हिडिओ अडकत असेल तर लगेच बायोसच्या मागे लागू नका. दहातल्या नऊ वेळा कारण नेट, तुंबलेला पंखा किंवा ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर असतं. फाइल डाउनलोड करून, नेट बंद ठेवून बघा. एकदा चार्जर लावून, एकदा काढून बघा. आणि आहे तो बायोस नीट चालत असेल तर केवळ नवा आला म्हणून त्याला हात लावू नका, त्याने वेग वाढत नाही.

त्याच रात्री पाऊस आला. आबा नाटक बघत होते, युद्ध ऐन रंगात होतं. लाईट गेलेली त्यांना डोक्यावरचा पंखा थांबल्यावर कळली.