स्थानिक निवडणुकांचे निकाल संगणकीय तक्त्यात मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. प्रत्यक्ष निकालपत्रके मात्र बहुधा खालच्या कार्यालयांत असतात, त्यामुळे अर्ज ग्रामपंचायतीसाठी तहसील कार्यालयाच्या, जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आणि महापालिकेसाठी तिच्याच निवडणूक विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे (माहितीचे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) करावा. कार्यालय चुकले तरी माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 6(3) नुसार अर्ज 5 दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग व्हायला हवा.

माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. जोडपत्र ‘अ’ मधील (राज्याच्या नियमांतील ठरावीक नमुन्यातील) अर्ज, त्यावर 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प आणि पत्रव्यवहाराचा पत्ता एवढे पुरते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क माफ आहे, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

खरी मेख मजकुरात आहे. नुसते ‘निकालाची प्रत मिळावी’ असे लिहिले, तर सही-शिक्क्याच्या कागदाचे तिरके स्कॅन हाती पडते आणि त्यातला एकेक आकडा पुन्हा टंकावा लागतो. म्हणून माहिती संगणकात साठवलेली असल्यास एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) स्वरूपातच हवी, असे कलम 2(ञ) (संगणकीय स्वरूपात माहिती मिळण्याचा हक्क) व 7(9) (मागितलेल्या स्वरूपात माहिती देणे) यांचा उल्लेख करून स्पष्ट लिहावे. रकानेही नावानिशी मागावेत: प्रभाग क्रमांक, जागा, आरक्षण, उमेदवार, पक्ष, मिळालेली मते, नोटा, एकूण मतदार आणि झालेले मतदान. ‘जागा’ हा रकाना विसरू नये, कारण बहुसदस्यीय प्रभागात एकच मतदार अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी मत देतो. या मतांची सरसकट बेरीज केली, तर मते मतदारांपेक्षा जास्त भरू शकतात. बिनविरोध जागांपुढे शून्य न लिहिता तशी स्वतंत्र नोंद मागावी. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नसल्याने तेथे पक्षाचा रकाना मागण्यात अर्थ नाही. हे सारे एका विषयापुरते आणि 150 शब्दांत बसवावे लागते, कारण राज्याच्या नियमांत तशी मर्यादा आहे.

उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते आणि ती उलटल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर 30 दिवसांत 20 रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. ‘निकाल संकेतस्थळावर टाका’ ही मागणी मात्र या अर्जात घालू नये, कारण ती माहितीची नव्हे, तर कृतीची मागणी ठरते. त्यासाठी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याविषयीच्या कलम 4 चा आधार घेऊन वेगळे पत्र द्यावे. मिळालेली फाइल इतरांसाठी खुली करताना मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी, कार्यालयाचे नाव व उत्तराचा दिनांक सोबत द्यावा आणि आपण केलेल्या दुरुस्त्या दुसऱ्या फाइलमध्ये ठेवाव्यात.