ब्रँडी, कागदी लिंबू आणि वितळलेला बर्फ

बेळगावकडच्या घरात ब्रँडीची बाटली सापडलीच तर बहुधा औषधांच्या कपाटात, खोकल्याच्या बाटलीशेजारी. सर्दी झाली की चमचाभर, कोमट पाण्यातून. या औषधाला विज्ञानाचा आधार नाही. मद्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्यासारखी वाटते, पण त्याच वाटेनं शरीराची उष्णता बाहेर पडत असते. तेव्हा ती बाटली कपाटातून काढून स्वयंपाकघरात आणायला हरकत नाही. तिथं तिचा जास्त चांगला उपयोग होतो.

आधी बाटलीत काय आहे ते बघू. ब्रँडी म्हणजे मुळात द्राक्षांची वाइन उकळून, तिची वाफ थंड करून मिळवलेलं मद्य. फ्रान्समधली कोन्याक तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातित करतात आणि निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरवतात. त्या लाकडातूनच तिला व्हॅनिलासारखा वास येतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ब्रँडीचा पाया मात्र साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेलं मद्यार्क असतं. त्यात द्राक्षाचं थोडं मद्य, वास आणि कॅरमेलचा रंग. गंमत बघा, अथणी तालुक्यात द्राक्षं पिकतात, पण ती बेदाण्याच्या शेडवर जातात. ब्रँडी येते ती चिकोडी-हुक्केरीकडं डोलणाऱ्या उसाच्या वाटेनं. लेबल वाचा आणि परवडत असेल तर निव्वळ द्राक्षाची घ्या. नसेल परवडत तर कॉकटेल हाच तिचा उद्धार, कारण लिंबू आणि साखर बरंच झाकून नेतात.

ब्रँडीच्या जुन्या कॉकटेलांत साइडकार सगळ्यात सोपं. 1922 सालच्या छापील कृतींत ब्रँडी, संत्र्याचं लिक्युअर (म्हणजे संत्र्याच्या वासाचं गोड मद्य) आणि लिंबाचा रस हे तिन्ही समभाग दिसतात. आज बारमध्ये चालणारं प्रमाण 50 मिली ब्रँडी, 20 मिली लिक्युअर आणि 20 मिली रस. मापासाठी औषधाच्या बाटलीचं 10 मिलीचं टोपण उत्तम, फक्त आधी गरम पाण्यानं धुवा.

पण या तिघांखेरीज चौथा घटक कृतीत कुणी लिहीत नाही. तो म्हणजे पाणी, आणि ते बर्फातून येतं.

1760च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की बर्फ वितळताना भरपूर उष्णता गिळतो आणि तरीही त्याचं तापमान वाढत नाही. एक ग्रॅम बर्फाला वितळायला सुमारे 80 कॅलरी लागतात (शाळेतल्या कॅलरी, डाएटवाल्यांच्या नव्हेत). आता हिशेब करा. आपलं मिश्रण साधारण 90 ग्रॅम. ते 30 अंशांवरून उणे 5 अंशांवर न्यायचं, म्हणजे 35 अंश उतरवायचं. 90 गुणिले 35 म्हणजे 3150 कॅलरी. भागिले 80, आले जवळपास 40 ग्रॅम. एवढा बर्फ वितळून पेल्यात पाणी झाल्याशिवाय पेय तितकं गार होणारच नाही. फ्रीझरमधला बर्फ स्वतःच शून्याखाली असतो म्हणून थोडं कमी लागेल, भांडं आणि हात गरम असतात म्हणून थोडं जास्त. त्या पाण्यानं मद्यार्काचं प्रमाण 33 टक्क्यांवरून 23 टक्क्यांच्या आसपास उतरतं. चव जुळते ती तिथंच.

शून्य अंशाच्या बर्फानं पेय उणे 5 अंशांवर कसं जातं? पॉटचं आइस्क्रीम फिरवलेल्यांना हे माहीत आहे. तिथं बर्फात खडे मीठ टाकतात. इथं मिठाचं काम मद्यार्क करतो. पाण्याचा गोठणबिंदू खाली गेला की बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि लागणारी उष्णता पेयातूनच ओढतो.

इथं आपली हवा आडवी येते. डिसेंबरात बेळगावच्या घरात बाटली 20 अंशांवर असेल तर याच हिशेबानं 28 ग्रॅम बर्फ पुरतो. मे महिन्याच्या दुपारी तीच बाटली 36 अंशांवर, की 46 ग्रॅम. कृती तीच, पण उन्हाळ्यात पेय पाणचट. मग बाटली फ्रीजमध्ये ठेवावी? 5 अंशांवरून सुरुवात केली तर जेमतेम 11 ग्रॅम पाणी मिळतं आणि घोट घशाला चटका देतो. त्यामुळे बाटली उन्हाळ्यात अर्धा तासच फ्रीजमध्ये, पेला मात्र बारमाही फ्रीझरमध्ये, असं माझं मत.

बर्फ लहान असो वा मोठा, तितक्याच गारव्याला तितकाच वितळतो. फरक पडतो तो बाहेर काढून ठेवलेल्या, पाणी सुटलेल्या बर्फानं. बारीक चुऱ्याच्या अंगावर हे फुकटचं पाणी जास्त. म्हणून ट्रेमधून काढलेले कोरडे, मोठे खडे लगेच वापरायचे.

शेकर नसेल तर प्रवासातला फिरकीचा तांब्या घ्या. पातळ स्टील स्वतः फार उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून जाड काचेच्या बरणीपेक्षा बरं. झाकण घट्ट लावून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. आतली हवा गार होऊन आकसते, दाब उतरतो आणि झाकण चिकटून बसतं. घाबरू नका, बाजूनं हलकेच थापटा. सोडा किंवा काहीही फसफसणारं मात्र यात हलवायचं नाही, तिथं दाब उलट वाढतो.

युरोपातल्या कृतींतलं लिंबू मोठं, पिवळं, जाड सालीचं, आपलं कागदी. आंबटपणा साधारण तोच, वास जास्त तीक्ष्ण. विजापूरकडच्या इंडीच्या लिंबाला तर भौगोलिक मानांकन आहे. रस आयत्या वेळी काढा आणि साल चुरगळेपर्यंत पिळू नका, नाहीतर कडवटपणा उतरतो.

संत्र्याचं लिक्युअर महाग पडतं. घरगुती पर्याय म्हणजे संत्र्याची फक्त वरची केशरी साल, आतला पांढरा भाग न घेता, रात्रभर ब्रँडीत झाकून ठेवायची, सकाळी गाळून चवीपुरता साखरेचा पाक घालायचा. सालीतलं तेल, मुख्यतः लिमोनीन, पाण्यात विरघळत नाही, मद्यार्कात विरघळतं. पाकानं मिश्रण जरा धुरकट झालं तर तेच तेल बाहेर पडलंय, बिघडलेलं नाही.

एक इशारा. बाजारचं लिक्युअर वापरलेल्या एका साइडकारमध्ये सुमारे 23 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे 60 मिलीच्या पेगपेक्षा थोडा जास्तच. गारव्यानं वास दबतो, साखरेनं तिखटपणा, त्यामुळे तो कळत नाही. गाडी चालवायची असेल तर लिंबूपाणी प्या.

दुसरं जुनं कॉकटेल ब्रँडी अलेक्झांडर. ब्रँडी, कोकोचं लिक्युअर आणि क्रीम, तिन्ही 30 मिली. इथं लिंबू चुकूनही नको. सामू (म्हणजे pH, जितका कमी तितकं आंबट) 4.6च्या जवळ उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन साकळतं, आणि लिंबाचा रस त्याहून कितीतरी आंबट. म्हशीच्या दुधाची साय वापरायचा मोह होईल, पण सायीत स्निग्धाबरोबर प्रथिनांचा पापुद्राही असतो, त्याचे तुकडे पेल्यात तरंगतात. वापरायचीच तर घुसळून, गाळून घ्या. डब्यातलं क्रीम सरळ पडतं. वरून जायफळ लागतं, तेही आयत्या वेळी किसलेलं, कारण पूड करून ठेवली की त्यातलं तेल उडून जातं.